एका प्युरिटन धर्मोपदेशकाचा वंशविस्तार



आपल्या कुळाचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत किती पिढ्या झाल्या, हे प्रश्न मनुष्यास केव्हांना केव्हां पडल्यावांचून राहत नाहींत. जीं घराणीं पिढ्यान् पिढ्या एके ठिकाणीं नांदलीं, त्यांत या प्रश्नाचें उत्तर वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असतें. परंतु जो समाज महासागर ओलांडून परक्या भूमीवर वसला, त्याला हें उत्तर कागदपत्रांतून खणून काढावें लागतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा उद्योग सुमारें पावणेदोनशें वर्षें मोठ्या चिकाटीनें चालू आहे. त्याची पद्धति, त्यांतील खांचखळगे आणि त्यापासून निघणारा बोध हीं एका कुळाच्या उदाहरणावरून आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे. तें कूळ रेव्हरंड जॉन लोथ्रॉप या धर्मोपदेशकाचें.

सोळाव्या शतकांत इंग्लंडचें चर्च रोमच्या पोपापासून विभक्त झालें खरें. पण बिशपांची सत्ता, ठराविक प्रार्थना, उपाध्यायांचीं वस्त्रें आणि विधि यांचें वळण बरेंचसें जुनेंच राहिलें. हें चर्च आणखी शुद्ध झालें पाहिजे असें म्हणणाऱ्यांस लोक प्युरिटन म्हणूं लागले. त्यांतही दोन पक्ष होते. एक पक्ष चर्चमध्यें राहून सुधारणा करूं पाहणारा; दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, श्रद्धावंतांनीं परस्परांशीं करार करून आपली स्वतंत्र मंडळी स्थापावी आणि आपला उपदेशक आपणच निवडावा. लोथ्रॉपचें आयुष्य राजमान्य चर्चच्या सेवेंत सुरू झालें आणि या दुसऱ्या पक्षांत संपलें.

यॉर्कशायर परगण्यांतील एटन गांवच्या चर्चच्या नोंदवहींत २० डिसेंबर १५८४ या दिवशीं त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. त्याच परगण्यांतील लोथॉर्प या खेड्यावरून कुळास नांव पडलेलें. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजांत शिकून त्यानें पदवी मिळविली, धर्मदीक्षा घेतली, आणि केंट परगण्यांतील एगर्टन येथें तो उपदेशक झाला. १६१० मध्यें हॅना हाउस हिच्याशीं त्याचा विवाह झाला. संसार वाढत होता, वृत्ति निश्चित होती. असें असतां १६२३ च्या सुमारास त्यानें आपली दीक्षा सोडली. राजमान्य चर्चची आज्ञा आणि आपली सदसद्विवेकबुद्धि यांचा मेळ बसेना, एवढेंच त्याचें कारण. पुढें तो लंडनला आला आणि हेन्री जेकब यानें १६१६ मध्यें साउथवर्क येथें स्थापिलेल्या स्वतंत्र मंडळीचा उपदेशक झाला.

ही मंडळी कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार होती. तिच्या सभा घरोघरीं चोरून भरत. एप्रिल १६३२ मध्यें ब्लॅकफ्रायर्स भागांतील एका घरीं सभा भरली असतां बिशपाच्या शिपायांनीं छापा घातला आणि सुमारें चाळीस स्त्रीपुरुषांस पकडलें. त्या वेळीं लंडनचा बिशप विल्यम लॉड हा होता. धर्मन्यायासनापुढें उभें केल्यावर या लोकांनीं शपथ घेण्याचें नाकारलें. कारण शपथ घेतली म्हणजे आपल्याच सोबत्यांविरुद्ध साक्ष देणें भाग पडे. शिक्षा म्हणून ते तुरुंगांत राहिले. इतर बहुतेक कांहीं काळानें सुटले. लोथ्रॉप मात्र १६३४ पर्यंत अडकून पडला.

तो कैदेंत असतां त्याची पत्नी आजारी पडून वारली. प्लिमथ वसाहतीचा चिटणीस नथॅनियल मॉर्टन यानें १६६९ मध्यें छापलेल्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे कीं, मरणोन्मुख पत्नीस भेटण्यापुरती लोथ्रॉपला सवलत मिळाली. तिच्यासाठीं प्रार्थना करून तो पुन्हां तुरुंगांत परतला. आणि नंतर त्याचीं पोरकीं मुलें लॅंबेथच्या वाड्यांत बिशपापुढें जाऊन उभीं राहिलीं, तेव्हां त्याला दया येऊन त्यानें बापास सोडलें. हा प्रसंग वाचून कोणाचेंही मन द्रवेल. परंतु वंशावळीचा अभ्यासक येथें क्षणभर थांबतो. लोथ्रॉप कैदेंत होता, पत्नी वारली, सुटकेनंतर तो मुलांसह देशांतरास गेला, हा गाभा इतर कागदांशीं जुळतो. मुलांच्या भेटीचा भाग मात्र घटनेनंतर ३५ वर्षांनीं, समुद्रापलीकडे, त्याच्याविषयीं आदर बाळगणाऱ्या माणसानें लिहिलेला आहे. तो खोटा ठरविण्यास कारण नाहीं. पण न्यायासनाच्या दप्तरांतील नोंदीइतकें त्याचें वजनही नाहीं. घराण्यांत सांगत आलेली गोष्ट आणि समकालीन कागद यांना एकाच तागडींत घालावयाचें नाहीं, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

१८ सप्टेंबर १६३४ रोजीं ‘ग्रिफिन’ नांवाचें जहाज बोस्टनला लागलें. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा प्रमुख जॉन विन्थ्रॉप यानें आपल्या रोजनिशींत त्या जहाजानें आलेल्या धर्मोपदेशकांत लोथ्रॉपचें नांव नमूद केलें आहे. याच जहाजावर ॲन हचिन्सन ही तेजस्वी बाई होती. तिचीं मतें वसाहतीच्या धर्माधिकाऱ्यांना रुचलीं नाहींत आणि तिला हद्दपार व्हावें लागलें. छळ सोसून आलेले लोक तीन-चार वर्षांच्या आंत दुसऱ्याचा छळ करूं लागले, ही गोष्ट या पूर्वजांचें स्तवन करतांना विसरतां येत नाहीं.

लोथ्रॉप आपल्या लंडनच्या कांहीं अनुयायांसह प्लिमथ वसाहतींतील सिच्युएट गांवीं राहिला. तेथें जमीन अपुरी पडूं लागली आणि बाप्तिस्म्याच्या विधीवरून मंडळींत मतभेदही माजले. तेव्हां ऑक्टोबर १६३९ मध्यें तो बऱ्याच कुटुंबांसह केप कॉडच्या किनाऱ्यावर बार्नस्टेबल येथें गेला. ८ नोव्हेंबर १६५३ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. त्यानें दुसरा विवाह केला होता. दोन्ही विवाहांपासून झालेलीं बरींच मुलें त्याच्या पश्चात् हयात होतीं. आपल्या ग्रंथसंग्रहांतून प्रत्येक मुलास एकेक पुस्तक मिळावें, अशी त्याची अखेरची इच्छा होती. १६४४ मध्यें त्याच्यासाठीं बांधलेल्या घराचा भाग अद्याप उभा असून त्यांत ‘स्टर्जिस लायब्ररी’ नांवाचें सार्वजनिक वाचनालय आहे. त्याचें बायबलही तेथें जपून ठेवलें आहे. त्याच्या अनेक पानांना जळून पडलेलें भोंक आहे आणि त्या जागीं कागद चिकटवून गेलेला मजकूर हातानें लिहिलेला आहे. जहाजावर वाचतां वाचतां डुलकी लागली, मेणबत्तीचा जळता थेंब पानांवर पडला, आणि नंतर लोथ्रॉपनें जळालेले शब्द आठवून लिहून काढले, अशी कथा सांगतात. भोंक आणि लिखाण हा पुरावा. डुलकी आणि मेणबत्ती ही परंपरा.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आज अमेरिकेंत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थास आपण या लोथ्रॉपचे वंशज आहोंत हें सिद्ध करावयाचें असेल, तर त्यानें काय करावें? शास्त्राचा दंडक असा कीं, सुरुवात पूर्वजापासून करावयाची नाहीं, स्वतःपासून करावयाची. आपला जन्म, मातापित्यांचा विवाह, त्यांचे जन्म, अशी एकेक पायरी पुराव्यानें बांधीत मागें जावयाचें. प्रसिद्ध पूर्वज आधीं निवडून त्याच्यापासून आपल्यापर्यंत उतरत येणारास वाटेंत कोठें तरी हवा तो दुवा ‘सांपडतो’च.

या कामीं न्यू इंग्लंडच्या वंशशोधकांचें भाग्य मोठें. मॅसॅच्युसेट्सनें १६३९ मध्यें आणि प्लिमथनें १६४६ मध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची गांवोगांव नोंद ठेवण्याचा नियम केला. प्युरिटन लोक विवाहास धर्मसंस्कार मानीत नसत. तो त्यांच्या दृष्टीनें दिवाणी करार होता आणि तो उपाध्यायापुढें न होतां मॅजिस्ट्रेटपुढें होई. लोथ्रॉपची मुलगी जेन हिचें लग्न ८ एप्रिल १६३५ रोजीं सॅम्युएल फुलर याच्याशीं झालें, तें कॅप्टन माइल्स स्टॅंडिश यानें लावलें. फुलर हा १६२० च्या सुप्रसिद्ध ‘मेफ्लॉवर’ जहाजावरून आईबापांबरोबर आलेला मुलगा. म्हणून या जोडप्याच्या वंशजांना एकाच वेळीं दोन प्रसिद्ध कुळांचा हक्क पोंचतो.

जेनच्या लग्नाची ही नोंद खुद्द तिच्या बापाच्या वहींतील आहे. सिच्युएट व बार्नस्टेबल येथील बाप्तिस्मे, विवाह, मृत्यु, उपासाचे दिवस व मंडळींतील घडामोडी लोथ्रॉप लिहून ठेवी. ही मूळ वही पुढें नाहींशी झाली. सुदैवानें १७६९ मध्यें, पुढें येल कॉलेजचा अध्यक्ष झालेला एझ्रा स्टाइल्स या विद्वानास ती एका वंशजाच्या घरीं पाहावयास मिळाली आणि त्यानें तिची नक्कल करून घेतली. एका माणसाच्या त्या परिश्रमामुळें शेंकडों कुटुंबांच्या पहिल्या दोन पिढ्या काळाच्या तोंडांतून वांचल्या.

कागद मिळाला तरी तो वाचतां आला पाहिजे. पहिली अडचण कालगणनेची. १७५२ पर्यंत इंग्लंडांत आणि त्याच्या वसाहतींत ज्युलियन गणना चाले व वर्षारंभ २५ मार्चला होई. सिच्युएटची मंडळी स्थापन झाली तो ८ जानेवारीचा दिवस त्या काळच्या हिशेबानें १६३४ सालचा आणि आपल्या हिशेबानें १६३५ सालचा. शिवाय महिन्यांचीं नांवें मूर्तिपूजकांच्या देवतांवरून पडलेलीं, म्हणून कित्येक प्युरिटन नुसते अंक लिहीत. त्यांचा पहिला महिना मार्च आणि अकरावा जानेवारी. हें न जाणणारास एप्रिल १६४० मध्यें लग्न आणि फेब्रुवारी १६४० मध्यें मूल अशी नोंद दिसली कीं, तो एका निष्कलंक जोडप्यावर भलताच आरोप करून मोकळा होतो. आपल्याकडे शालिवाहन शक चैत्रांत बदलतो आणि गुजराती व्यापाऱ्यांचा विक्रम संवत् कार्तिकांत. जुन्या कागदांवरील मित्या जुळविणारास ही अडचण नवी नाहीं.

दुसरी अडचण नांवांची. लोथ्रॉप, लोथ्रप, लॅथ्रॉप, लेथ्रॉप अशीं एकाच कुळाचीं अनेक रूपें कागदोपत्रीं आढळतात. लिहिणारास जसें ऐकूं आलें तसें त्यानें लिहिलें. तिसरी अडचण नात्यांच्या शब्दांची. ‘थोरला जॉन’ आणि ‘धाकटा जॉन’ म्हटलें म्हणजे ते बापलेक असतीलच असें नाहीं. एका गांवीं एकाच नांवाचे दोन गृहस्थ असले कीं, वयावरून त्यांना तसें म्हणत. ‘बंधु’ हा शब्द मंडळीच्या सभासदासही लावीत, आणि सासूस ‘आई’ म्हणून लिहीत. यांतून वाट काढण्यास मृत्युपत्रांचा मोठा उपयोग होतो. कारण वांटणी करतांना बाप ‘माझी मुलगी अमकी, तमक्याची पत्नी’ असें स्पष्ट लिहितो.

हा शोध संघटित रीतीनें करण्यासाठीं १८४५ मध्यें बोस्टन येथें न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली आणि १८४७ पासून तिचें त्रैमासिक निघूं लागलें. लोथ्रॉप कुळाचा मोठा ग्रंथ हंटिंग्टन या लेखकानें रचला. तो १८८४ मध्यें प्रसिद्ध झाला. पण शतकाच्या अखेरीस याच हौसेला दुसरें वळण लागलें. युरोपांतून निर्वासित व मजूर मोठ्या संख्येनें येऊं लागले, तेव्हां जुन्या घराण्यांना आपलें जुनेंपण मिरवावेंसें वाटूं लागलें. पूर्वजांच्या नांवानें संस्था निघाल्या. धनिकांना इंग्लंडच्या सरदारांशीं नातें हवें होतें, आणि जेथें गिऱ्हाईक असतें तेथें दुकान निघतेंच. गुस्ताव ऑंजू नांवाच्या गृहस्थानें भरमसाट मोबदला घेऊन अनेक श्रीमंत कुटुंबांना वंशावळी रचून दिल्या. त्यांत शंभर नोंदी खऱ्या असत आणि देशांतर केलेल्या पुरुषास एखाद्या थोर घराण्याशीं जोडणारी नेमकी एक नोंद बनावट असे. त्याच्या मृत्यूनंतरही त्या खोट्या वंशावळी पुस्तकांतून पुस्तकांत उतरत राहिल्या. या रोगावर उपाय करणाऱ्यांत डॉनल्ड लाइन्स जेकबस याचें नांव अग्रगण्य आहे. त्यानें १९२२ पासून आपलें नियतकालिक चालवून प्रत्येक दुव्यास समकालीन पुरावा मागण्याची शिस्त अमेरिकन वंशशोधकांना लाविली.

अशा शिस्तीनें तपासलें तरी लोथ्रॉपचा वंशविस्तार थक्क करणारा आहे. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रॅंट, फ्रॅंक्लिन रूझवेल्ट आणि दोघे बुश हे त्याचे वंशज. वॉशिंग्टनच्या सैन्यांतील शूर सेनानी आणि नंतरचा कुप्रसिद्ध फितूर बेनेडिक्ट आर्नल्ड हाही आईच्या बाजूनें त्याच कुळांतला. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ यालाही त्याच्या वंशांत गणतात. मृत पूर्वजांसाठींही बाप्तिस्मा घेतां येतो अशी या पंथाची श्रद्धा असल्यामुळें पूर्वजांचीं नांवें शोधणें हें त्यांना धर्मकृत्य वाटतें. त्यांच्या युटा येथील संस्थेनें जगभरच्या नोंदींच्या सूक्ष्म चित्रफिती घेतल्या. हरद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचाही त्यांत समावेश आहे.

आपल्या देशाशीं या कुळाचा आणखी जवळचा संबंध आला. लोथ्रॉपचा मुलगा सॅम्युएल कनेटिकटमधील नॉर्विच येथें स्थायिक झाला. त्याच्या वंशांतील हॅरिएट लॅथ्रॉप ही १८१९ मध्यें मिरॉन विन्स्लो या मिशनऱ्याची पत्नी म्हणून सिलोनला निघाली, आणि १८२४ मध्यें जाफनाजवळ उडुविल येथें तिनें मुलींची निवासी शाळा काढली. जॉन फॉस्टर डलेस, जे १९५३ ते १९५९ पर्यंत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, ते तिचे पणतू. ज्या अमेरिकन बोर्डानें हॅरिएटला सिलोनला पाठविलें, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्यें मुंबईस उतरले होते. त्यांच्या मराठी मिशनाकडूनच पुढें १८४२ मध्यें अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. लंडनच्या एका बंद घरांत चोरून प्रार्थना करणाऱ्या पंथाचा धागा मराठी वाङ्मयापर्यंत असा येऊन पोंचतो.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्या. ग्रॅंट, रूझवेल्ट, बुश, आर्नल्ड, स्मिथ, डलेस, या नांवांत लोथ्रॉप हें आडनांव एकदांही येत नाहीं. म्हणजे यांतील प्रत्येक शाखेंत निदान एके ठिकाणीं तरी वंश मुलीकडून चालला आहे. ज्या गांवच्या चिटणिसानें नुसत्या मुलग्यांचीं नांवें लिहिलीं असतीं, त्या गांवची ही सारी संतति आज अनोळखी झाली असती. आमच्या वंशावळींत काय असतें? मूळ पुरुष, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. मुलगी दुसऱ्या गोत्रांत गेली कीं, तिची रेघ संपते. आणि सासरीं आल्यावर आमच्याकडे आडनांवाबरोबर पाळण्यांतलें नांवही बदलण्याची चाल. त्यामुळें तिचा माग दोन्हीकडून पुसला जातो. दहा पिढ्या मागें गेलें तर प्रत्येकास १०२४ पूर्वजांचीं स्थानें भरावयाचीं असतात. आमची वंशावळ त्या पिढींतील एकाच पुरुषाचें नांव सांगते आणि उरलेल्या १०२३ जणांविषयीं मौन धरते.

याच हिशेबानें कुलाभिमानाचीही परीक्षा होते. शेंकडों पूर्वजांतून एक तुरुंगवास सोसणारा उपदेशक निवडून त्याचें तेज आपल्या अंगीं आहे असें म्हणावयाचें, तर त्याच शेंकडोंमधील भित्रे, कर्जबुडवे आणि सामान्य जन यांचें काय करावयाचें? अध्यक्ष आणि फितूर, दोघेही त्याच बियाण्याचे. शिवाय पूर्वजांची जमीन हीही वारशाचाच भाग आहे. बार्नस्टेबलच्या परिसरांत वॉम्पनोआग लोकांचें मॅटाकीस हें वसतिस्थान होतें. त्यांचा नायक आयनॉफ यानें १६२१ मध्यें प्लिमथच्या वसाहतवाल्यांना त्यांचा हरवलेला मुलगा शोधण्यास साह्य केलें होतें. १६२३ मध्यें स्टॅंडिशनें वेसागस्सेट येथें कांहीं मूळ रहिवाशांना ठार मारलें. त्या दहशतीनें दलदलींत लपून राहिलेला आयनॉफ तेथेंच मरण पावला. बारा वर्षांनीं जेन लोथ्रॉपचें लग्न लावणारा तो हाच स्टॅंडिश. आयनॉफचें नांव आज जवळच्या हायॅनिस या गांवाच्या नांवांत तेवढें उरलें आहे.

लोथ्रॉपच्या मंडळीनें या प्रश्नाचें स्वतःपुरतें उत्तर दिलेंच होतें. मंडळींत प्रवेश पाहिजे असेल तर प्रत्येकानें आपली श्रद्धा स्वतः उभें राहून सांगावी लागे. बापाच्या श्रद्धेवर मुलाचें काम भागत नसे. १६६२ मध्यें, लोथ्रॉपच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं, न्यू इंग्लंडच्या धर्मोपदेशकांना या नियमांत सवलत द्यावी लागली. कारण सभासदांचीं मुलें मोठीं झालीं, त्यांना स्वतःची साक्ष देतां येईना, आणि त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न उभा राहिला. अर्धा हक्क रक्तानें मिळावा, पूर्ण हक्क मात्र स्वतः मिळवावा, असा तोडगा निघाला. ज्यानें स्वतः वाडवडिलांचें चर्च सोडलें, त्याच्या नांवावर केवळ जन्मानें मोठेपण मागणें हें त्याच्याच शिकवणीशीं विसंगत होय.

म्हणून वंशशोध सोडून द्यावा असें नाहीं. पूर्वज जसे होते तसे कळावे, एवढ्यासाठीं तो करावा. त्याची सुरुवात करण्यास बोस्टनच्या ग्रंथालयाची आवश्यकता नाहीं. आपल्या घरीं जी सर्वांत वृद्ध स्त्री असेल, तिला तिचें माहेरचें नांव, तिच्या आईचें नांव, आजीचें नांव आणि गांव विचारावें, तें तिच्या समोर लिहून काढावें, आणि त्याखालीं आजची तारीख घालावी. एझ्रा स्टाइल्सनें याहून निराळें कांहीं केलें नाहीं. वही नाहींशी होण्यापूर्वीं नक्कल झाली पाहिजे, एवढेंच.